रंकाळ्याची उलटी फेरी

तळ्याकाठी सूर्योदय पाहायला जाणारे बहुतेक जण अर्धा तास उशिरा पोचतात. पंचांगात किंवा मोबाइलवर सूर्योदयाची वेळ पाहायची आणि बरोबर त्या मिनिटाला काठावर हजर व्हायचे, असा शिरस्ता असतो. पण तोवर पाहण्यासारखे निम्म्याहून अधिक उरकलेले असते. पश्चिमेला उतरत जाणारी पृथ्वीची सावली, पाण्यावरचे धुके, वाऱ्याच्या पहिल्या झुळकेआधीचे निश्चल पाणी, हे सगळे सूर्यबिंब दिसण्याआधीचे. त्यामुळे पहाटेची फेरी कधी सुरू करायची आणि कोणत्या काठाने चालायचे, हे आधी ठरवून निघावे लागते.

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांना असे तळे लाभले आहे. ठाण्याला मासुंदा आणि उपवन, नागपूरला अंबाझरी आणि फुटाळा, मुंबईला पवई, सोलापूरला सिद्धेश्वर. प्रत्येकाची सकाळ वेगळी, कारण प्रत्येकाचा काठ वेगळ्या दिशेला उघडतो. उपवनच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, म्हणून तिथे उगवत्या सूर्यापेक्षा त्याच्या उजेडात रंगणारा डोंगरच अधिक पाहण्याजोगा. पण पुरी प्रदक्षिणा घालता येईल एवढे मोठे, तासाभरात ती संपेल एवढे आटोपशीर आणि शहराच्या रोजच्या जगण्यात मुरलेले तळे म्हणून कोल्हापूरच्या रंकाळ्याचे उदाहरण सोयीचे पडते.

रंकाळा अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिमेला, जुन्या गावाला लागून आहे. मुळात ही दगडाची खाण होती, देवळांसाठी इथूनच दगड नेला गेला आणि पुढे एका भूकंपात खाणीला पाणी लागून तळे झाले, असे परंपरेने सांगतात. नाव रंकभैरवावरून पडले. काठावरच्या नंदीचीही एक गोष्ट आहे. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय. सध्या तरी कोल्हापूरकर निर्धास्त आहेत. पाण्यात अर्धवट बुडालेला दगडी संध्यामठ, त्याचे खांब उन्हाळ्यात पाणी उतरले की पुरते उघडे पडतात. वायव्येच्या अंगाला शालिनी पॅलेस. १९३१ ते १९३४ या काळात आठ लाख रुपये खर्चून बांधलेला हा राजवाडा राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाने ओळखला जातो. रंकाळा टॉवर, पद्माराजे उद्यान, घाट, चौपाटी असे टप्पे घेत चारएक किलोमीटरची फेरी पूर्ण होते. वाट सगळीकडे सारखी नाही. कुठे बांधीव पदपथ, तर कुठे रहदारीच्या कडेने.

फेरी सुरू करण्याची वेळ संधिप्रकाशावरून ठरते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आकाशाचा काळेपणा उतरू लागतो, १२ अंशांवर क्षितिजरेषा उमगते आणि ६ अंशांवर आला की दिव्याशिवाय पायाखालची वाट नीट दिसते. कोल्हापूरच्या अक्षांशावर या शेवटच्या टप्प्यापासून सूर्योदयापर्यंत साधारण २२ ते २४ मिनिटे लागतात. उत्तरेकडे, म्हणजे लंडन वगैरे भागात, हाच काळ बराच लांबतो, कारण तिथे सूर्य क्षितिजाला तिरका कापत वर येतो. आपल्याकडे तो जवळजवळ उभा चढतो, त्यामुळे पहाट चटकन उजाडते. पाच मिनिटांचा आळसही इथे महाग पडतो.

या २२-२४ मिनिटांच्या सुरुवातीला पूर्व काठावर, चौपाटी किंवा टॉवरच्या बाजूला उभे राहावे आणि तोंड पश्चिमेकडे करावे. सूर्योदय पाहायला येऊन पूर्वेकडे पाठ करणे विचित्र वाटेल, पण आधी बघायचे ते तिकडेच असते. राजवाड्यामागच्या आकाशात, क्षितिजाला टेकून, करड्या-निळ्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसतो आणि त्यावर फिकट गुलाबी रंगाचा दुसरा. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. वरच्या हवेला सूर्याचे लालसर किरण आधीच लागलेले असतात, म्हणून ती गुलाबी. सूर्य जसजसा क्षितिजाजवळ येतो तसतशी ही सावली खाली खाली सरकते आणि सूर्य उगवला की नाहीशी होते. आकाश स्वच्छ असेल तर हा देखावा कोणत्याही गच्चीवरूनही दिसतो, पण तळ्यावर तो दोनदा दिसतो, एकदा वर आणि एकदा पाण्यात. पौर्णिमेच्या पहाटे त्यात मावळत्या चंद्राची भर पडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या दिशेला असल्याने तो सूर्योदयाच्या सुमारासच मावळतो. हिवाळ्यात तर तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला, राजवाड्याच्या अंगाला कलतो.

मग चालायला लागायचे ते उत्तर काठाने, शालिनी पॅलेसच्या दिशेने. म्हणजे तळे डाव्या हाताला राहते. प्रदक्षिणेच्या नियमाने हे उलटे झाले. देवळात कोणी असे निघाले तर दहा जण हटकतील. पण सूर्योदयाचा हिशेब याच फेरीने जमतो. टॉवरपासून पश्चिम काठापर्यंत पोचायला सावकाश चालणाऱ्यालाही वीस-पंचवीस मिनिटे पुरतात आणि तेवढ्या वेळात सूर्य क्षितिजाशी येतो. पश्चिम काठावर आल्यावर समोर पाणी, पाण्यापलीकडे गाव आणि गावावर सूर्य, अशी मांडणी मिळते. उजव्या फेरीने निघालेल्याला सूर्य उगवेपर्यंत पूर्व आणि दक्षिण काठाची घरे आडवी येत राहतात.

घरांचा अडथळा उलट्या फेरीतही पुरता टळत नाही. पंचांगातली वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजाची असते. शहरात क्षितिज इमारतींच्या गच्च्यांवर चढून बसलेले असते. हात पुढे ताणून करंगळी आडवी धरली तर ती आकाशाचा साधारण एक अंश झाकते. सूर्याला तेवढे चढायला चारएक मिनिटे लागतात. समोरची इमारत तीन करंगळ्या उंच दिसत असेल, तर सूर्यबिंब पंचांगापेक्षा बारा-तेरा मिनिटे उशिरा दिसणार हे गृहीत धरावे. तळे रुंद असण्याचा फायदा इथे कळतो. पलीकडची इमारत जितकी दूर, तितकी ती बुटकी दिसते आणि सूर्य तितका लवकर मोकळा होतो.

सूर्यबिंबाचा वरचा काठ दिसल्यापासून खालचा काठ सुटेपर्यंत कोल्हापुरात सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. क्षितिजावर टेकलेले पूर्ण लाल बिंब आपण पाहतो, तेव्हा खरा सूर्य अजून क्षितिजाखालीच असतो. वातावरणातून येताना किरण वाकतात आणि बिंब त्याच्या रुंदीपेक्षा थोडे अधिकच वर उचललेले दिसते. खालचा काठ वरच्यापेक्षा जास्त उचलला जातो, म्हणून ते किंचित दबलेलेही दिसते. लालीचे कारण सर्वांना ठाऊक आहे. हवेच्या जाड थरातून येताना निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा उरतो. बिंब पिवळे पडू लागले की त्याच्याकडे टक लावून पाहणे थांबवावे.

सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, हे शाळेत शिकलेले असते. पण तळ्याकाठी ते मोजता येते. कोल्हापूरहून पाहता जूनच्या अयनदिनी सूर्य नेमक्या पूर्वेच्या साधारण साडेचोवीस अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या अयनदिनी तेवढाच दक्षिणेला. म्हणजे सहा महिन्यांत त्याची उगवण्याची जागा जवळजवळ ४९ अंश सरकते. पश्चिम काठावर एक दगड ठरवून तिथूनच पाहिले, तर ज्या इमारतीमागून तो नोव्हेंबरात येतो तिच्यापासून मार्चमध्ये तो बराच डावीकडे गेलेला असतो.

कोल्हापूरला याचा पडताळा अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा मिळतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख असा हा किरणोत्सव. ढग, धूळ आणि वाटेतली बांधकामे यांमुळे तो दरवेळी पूर्ण होतोच असे नाही. तारखा दोनच का, याचे उत्तर सूर्याच्या या येरझाऱ्यांत आहे. दोन्ही वेळी सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परतताना. त्याच दिवशी सकाळी रंकाळ्यावर तो पूर्वेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला उगवतो, दोन्ही वेळी एकाच जागी.

घड्याळात मात्र या दोन सकाळी एक नाहीत. नोव्हेंबरातल्या त्या दिवसांत कोल्हापूरचा सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो, जानेवारीच्या अखेरीस सात वाजून गेल्यावर. दिवसाची लांबी तीच, उगवण्याची जागा तीच, आणि तरी अर्ध्या तासाचा फरक. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे जाते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सरासरीपेक्षा सोळा मिनिटे लवकर येते, फेब्रुवारीत चौदा मिनिटे उशिरा. याच कारणाने इथला सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरच्या लहानात लहान दिवशी नसतो, तो जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सात वाजून पाचेक मिनिटांनी होतो. सर्वांत लवकरचा जूनच्या सुरुवातीला, सहाच्या आसपास. त्यातही कोल्हापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला असल्याने इथली प्रत्येक सकाळ घड्याळाने तेहेतीस मिनिटे उशिराची. संक्रांतीनंतर गजर लावताना हे लक्षात ठेवले तर झोप वाया जात नाही.

धुके पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारी. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असते, कारण ते तापायला आणि निवायला मातीपेक्षा पुष्कळ जास्त उष्णता लागते. पहाटे काठावरची गार हवा या कोमट पाण्यावर सरकते, पाण्यावरची दमट हवा एकदम थंडावते आणि वाफेचे बारीक थेंब होतात. म्हणून हे धुके ढगासारखे वरून उतरत नाही. पाण्यातून उठल्यासारखे दिसते आणि गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीत घोटाळत राहते. वारा पडलेला असेपर्यंतच ते टिकते. ऊन जमिनीला लागले की हवा खालीवर होऊ लागते, झुळूक सुटते आणि धुक्याबरोबर पाण्यातली प्रतिबिंबेही मोडतात. पावसाळ्यात यातले काही नसते. जून ते सप्टेंबर सूर्योदय बहुधा ढगाआडच उरकतो, आणि त्या महिन्यांत रंकाळ्याला जायचे ते भरलेले पाणी आणि भिजलेला राजवाडा पाहायला.

पक्षी सूर्याची वाट पाहत नाहीत. उजाडता उजाडता टिबुकल्यांची खिंकाळल्यासारखी शीळ सुरू होते. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी थव्याने पोहतात. उडायचे झाले की बराच वेळ पाण्यावर पाय आपटत धावतात आणि मगच उचलले जातात. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेले हळदीकुंकू बदक, वनस्पतींच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी, काठाच्या दगडावर पुतळा होऊन बसलेली ढोकरी. पाणकावळा बुडी मारून वर आला की खांबावर पंख पसरून बसतो. त्याची पिसे बदकासारखी पाणी झटकणारी नसतात, भिजतात, आणि त्यामुळेच तो खोल बुडी मारू शकतो. नंतर वाळवत बसणे ही त्याची किंमत. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून शेपटी हलवत धोबी दिसू लागला की थंडीची फेरी सुरू करायला हरकत नाही.

याच वेळी तळ्याची प्रकृतीही सर्वांत उघडी पडते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशावर ऑक्सिजन तयार करतात. रात्री ते काम बंद, आणि मासे, वनस्पती, जिवाणू सगळेच श्वसनासाठी ऑक्सिजन वापरत राहतात. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सूर्योदयाच्या किंचित आधी सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत आहेत असे समजू नये. त्यांना खाली श्वास पुरत नाही. तळ्यांतून मासे मरून वर आल्याच्या बातम्या सकाळीच येतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असते.

रंकाळ्यात वेळोवेळी पसरणारी हिरवाई ही निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाची. त्याच्या पेशींत वायूचे पोकळ कप्पे असतात, त्यांमुळे ते तरंगते. रात्री वारा पडून पाणी स्थिर झाले की ते वर येते आणि पहाटे पृष्ठभागावर हिरव्या सायीसारखे जमते. पहिल्या झुळकेबरोबर एका काठाला ढकलले जाते आणि तिथे कुजून वास सुटतो. ज्या संथ पाण्यात प्रतिबिंब सुरेख पडते, त्याच संथपणात हा थर धरतो. सांडपाणी, साबण, मूर्ती आणि निर्माल्य यांतून येणारे फॉस्फरस आणि नायट्रोजन हे या शेवाळाचे खाद्य आणि केंदाळाचेही. केंदाळ काढून काठावर ढीग घातला तरी खाद्य येतच राहिले तर ते पुन्हा पसरते. रंकाळा केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत आला, सांडपाणी वळवण्याची कामे झाली, गणेश विसर्जन शेजारच्या इराणी खणीत नेले गेले. तळ्यात येणारे नाले पुरते बंद होणे हाच यावरचा खरा इलाज आहे. बाकी सगळी डागडुजी.

पहाटेच्या फेरीच्या गुणांविषयी पुष्कळ ऐकीव माहिती फिरते. पहाटे हवेत ‘ओझोन’ असतो आणि तो छातीला चांगला, हा समज दोन्ही अंगांनी चूक. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना अपायकारक असतो, आणि तो उन्हाच्या मदतीने तयार होत असल्याने पहाटे सर्वांत कमी असतो. हवा पहाटे नेहमीच शुद्ध असते, हेही खरे नाही. थंडीच्या दिवसांत जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना होते, तिचे झाकण बसते आणि कचरा जाळल्याचा किंवा शेकोट्यांचा धूर खालीच कोंडतो. दम्याच्या रुग्णांनी अशा दिवशी ऊन वर येऊन झाकण मोडेपर्यंत थांबलेले बरे. ‘कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळते’ हा समज तर घरोघरी आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यासाठी लागणारे अतिनील किरण हवेच्या जाड थरातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे येऊ लागतात. त्याला कोल्हापुरात साडेनऊ-दहा, आणि थंडीत अकराही वाजतात.

कोवळ्या उन्हाचा खरा उपयोग डोळ्यांवाटे होतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी चित्र पाहण्याचे काम करत नाहीत. सकाळ झाली एवढे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्या निरोपाने झोपेचे संप्रेरक आवरते घेतले जाते आणि रात्री ते पुन्हा वेळेवर स्रवू लागते. पेशींच्या आतले हे घड्याळ कसे चालते याच्या संशोधनाला २०१७चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. घरातल्या दिव्यापेक्षा मोकळ्या आकाशाखालचा ढगाळ उजेडही कितीतरी प्रखर असतो, त्यामुळे सूर्य दिसला नाही तरी फेरी फुकट जात नाही. चालण्याचा हिशेब त्याहून सोपा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. रंकाळ्याची एक फेरी बऱ्या चालीने पन्नासएक मिनिटांची. तीन फेऱ्यांत आठवड्याचा कोटा होतो. रक्तदाब सकाळी आपोआप चढत असतो, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी पहिली दहा मिनिटे रमतगमत चालावे. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी.

फेरी संपते तेव्हा चौपाटीवरचे भेळ-भडंगाचे गाडे अजून झाकलेलेच असतात. कोल्हापूरची सकाळ जागी असते ती जवळच, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. म्हशी तिथे रस्त्याकडेला उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तालमीतली पोरे आणि निवृत्त मंडळी शेजारी शेजारी उभी राहून पितात. तापवलेले दूधच प्रकृतीला निर्धोक, हे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. कट्ट्यावर हा सल्ला फारसा कोणी मनावर घेत नाही.

तळ्यावर जाताना एक पथ्य जरूर पाळावे. माशांना आणि बदकांना पाव, चुरमुरे किंवा कणकेचे गोळे टाकू नयेत आणि घरचे निर्माल्य पिशवीतून आणून पाण्यात सोडू नये. त्यातले बरेचसे तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, तोही पहाटे, जेव्हा तो मुळातच सर्वांत कमी असतो.